थांब हां, आले

"थांब हां, आले."

असं म्हणून ती आधी हात ठेवायची आणि मग कामाला लागायची. चहा करायचा तर शेगडीवर, पाणी काढायचं तर रहाटावर, घरात शिरताना दाराच्या चौकटीवर. सगळा तळहात टेकवायचा, एक श्वास जाईल इतका वेळ. ही आमच्या शेजारची बाई. सगळी वाडी तिला वैनी म्हणायची, मीही म्हणायची.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील आणि हसला असाल. मी हसले. एकदा सरळ विचारलं, "वैनी, तू तर समोरच उभी आहेस. मग आले आले कुणाला सांगतेस?"

"अंग आलंय गो," ती म्हणाली. "मी येतेय मागून."

मला वाटलं, बाईचं डोकं जरा हललेलं आहे.

उन्हाळ्यात आम्ही दोघी सड्यावरच्या, म्हणजे गावावरच्या कातळमाळावरच्या शेडमध्ये आंब्याच्या पेट्या भरायला जायचो. वर पत्रा, खाली तापलेला कातळ. माझ्या दोन पेट्या होत तेव्हा तिची एक. प्रत्येक आंबा तळहातावर घ्यायची, अंगठा देठाकडे न्यायची, मगच पेंढ्यात ठेवायची. मुकादम चिडवायचा, "वैनी, आंब्याला आशीर्वाद देतेस काय?"

"नाय रे. देठ आहे का विचारते."

देठ तुटला की चीक गळतो, सालीवर काळा डाग पडतो, आणि तो एक आंबा पेटी नासवतो. तिच्या पेटीतून असा आंबा गेलेला मला आठवत नाही. माझ्या पेटीतून गेले. मी दोन भरत होते ना.

नवरा तिचा एसटीत ड्रायव्हर. त्याला अर्धांगवायू झाला आणि तो सहा वर्षं अंथरुणात होता. भरवताना आधी त्याच्या कपाळावर हात, "थांब हां, आले," आणि मग घास. तो ऐन आंब्याच्या हंगामात गेला. चौदाव्या दिवशी ती शेडवर आली. बायका पदर डोळ्यांना लावायच्या तयारीत. तिने दारातल्या खांबावर हात ठेवला, नेहमीपेक्षा जास्त वेळ, आणि पेंढा पसरायला बसली. दिवसभरात रोजच्याएवढ्याच पेट्या भरल्या, एक कमी नाही, एक जास्त नाही.

मग तिचे डोळे गेले. काचबिंदू. डॉक्टरकडे मीच घेऊन गेले होते. गेलेली नजर परत येत नाही, असं त्यांनी सांगितलं. आधी बाजूचं दिसेना, मग समोरचंही. दोन वर्षांत दिवा लागला आहे की नाही एवढंच कळायला लागलं.

तिचा मुलगा डोंबिवलीला. चौथ्या मजल्यावर दोन खोल्या. वाईट मुलगा नव्हे. मे महिन्यात तो यायचा होता आणि परतीची दोन तिकिटं काढूनच येतोय, असं त्याने फोनवर सांगितलं. वैनीला इथून हलायचं नव्हतं. ती मला म्हणाली, "तिथं चौकट कुठाय ते शिकता शिकता मी मरेन गो."

मला वाटलं, तो येईल तेव्हा घर नीटनेटकं दिसलं पाहिजे. आदल्या रात्री जेवण उरकून ती ओटीवर कुळीथ निवडत बसली होती. मी आत जाऊन फळीवरचे सगळे डबे घासले, खाली कागद घातला आणि डबे उंचीप्रमाणे लावले. दुकानातल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तिचा पहिला चहा व्हायच्या आधीच मुलगा आला. पिशवी खाली ठेवली आणि उभ्या उभ्याच बोलला, "आई, हट्ट करू नको. एकटी कशी राहणार? साधा चहा तरी करता येतो का आता?"

"बस तू," ती म्हणाली. "करते."

तो बसला नाही. स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभा राहिला, मी त्याच्यामागे. तिने शेगडीवर हात ठेवला, आधण चढवलं. मग फळीकडे हात नेला आणि हात तिथेच थांबला.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं मी काय करून ठेवलंय ते. साखरेच्या जागी मीठ होतं. सांगावं तर मुलाला कळणार की आई अडली. न सांगावं तर चहा खारट. माझ्या घासलेल्या डब्यांपायी ही बाई घरातून जाणार होती.

"थांब हां, आले," ती फळीला म्हणाली.

पहिल्या डब्यापासून सुरुवात केली. उचलून वजन घ्यायचं, जरा हलवून कान द्यायचा, झाकण काढून बोटांत चिमूट चोळायची, पुन्हा जागेवर. एक झाला, दुसरा झाला. पाणी खळखळायला लागलं.

"आई, राहू दे. मी घालतो."

"पाण्याला घाई नाय, तुला कसली रे?"

हात घाबरला नाही. मी त्या हाताकडेच बघत होते. सगळी फळी तिने नव्याने ओळखून घेतली, जशी नवी सून घर ओळखून घेते. तिसऱ्या डब्यात चहापूड, पाचव्यात साखर सापडली. दूध वर येतानाचा आवाज ऐकून गॅस बारीक केला, तीन कप भरले. ओट्यावर थेंब सांडला नाही. मला देवळात कधी एवढी भीती वाटली नाही, जेवढी त्या ओट्यापुढे वाटली. चांगली भीती. हात जोडावेसे वाटले, पण मी कप घेतला.

मुलगा चहा प्यायला. कप स्वतः विसळला. म्हणाला, "काकी, एक तिकीट रद्द करतो."

तो आंघोळीला गेल्यावर ती मला म्हणाली, "डबे तू लावलेस?"

"हो. चुकलंच."

"घासलेस छान. पण हात न ठेवता हलवलेस."

"न ठेवता कशी हलवणार?"

"तुला डोळे आहेत ना गो, म्हणून," ती म्हणाली आणि खूप हसली.

त्यानंतर तीन वर्षं ती त्याच घरात एकटी राहिली. एका दुपारी मी गेले तर ओटीवर भिंतीला टेकून बसली होती, सुपावर हात ठेवून. हात गार होता. सुपात अर्धे कुळीथ निवडलेले, खडे एका बाजूला. तिचे दिवस झाल्यावर उरलेले मी निवडले आणि सगळ्याची उसळ केली. पहिल्याच घासाला दाताखाली खडा आला. तो तिच्या अर्ध्यातला नव्हता.

यंदा मुलाने घर रंगवायला काढलं. रंगारी माझ्याकडे तक्रार घेऊन आला, "आजी, चौकटीवर एका जागी रंग धरतच नाय. दोन हात मारले, सुटून येतो."

मी जाऊन बघितलं. लाकूड तेवढंच गुळगुळीत झालेलं, तळव्याएवढं. त्याला म्हटलं, "राहू दे तसंच."

तो गेल्यावर मी त्यावर हात टेकवला. माझा पंजा मोठा, चारी बाजूंनी बाहेर आला. तरी ठेवला थोडा वेळ.