देवचंदचे पुढचे दोन दात

धुळ्यात रुपचंद मास्तरांच्या बँडमध्ये देवचंद पहिल्या रांगेत ट्रम्पेट वाजवायचा. तो शिकला पिंपळनेरला, मगनमामांकडे. मामा सख्खे नव्हते. पण देवचंदचा बाप लवकर गेला तेव्हा त्यांनीच त्याला घरी ठेवून घेतलं आणि हातात बाजा दिला. फुंक गालातून नाही, पोटातून यायला हवी, हे त्यांचं पहिलं शिकवणं. पुढे किती लग्नसराया त्याने काढल्या याचा हिशेब नाही. मुलगी सासरी निघाली की तो एक संथ धून धरायचा. ती ऐकून मुलीचा बाप तोंडाला रुमाल लावून मंडपामागे जायचा, हे मी स्वतः पाहिलंय.

दोन वर्षांपूर्वी चाळीसगावला एक वरात होती. नाचणारी पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढली होती. वरचा एक तोल जाऊन मागे कोसळला, तो थेट देवचंदच्या बाजावर. तोंडाला लावलेली पितळी वाटी दातांवर आदळली. वरचे पुढचे दोन दात गेले. एक मुळासकट निघाला, दुसरा अर्ध्यात तुटला. ओठही फाटला. वरात काही थांबली नाही. रुपचंदने क्लॅरिनेटवाल्याला खूण केली, त्याने गाणं उचललं, आणि देवचंद रस्त्याकडेला एका टायरच्या दुकानाच्या पायरीवर रक्त थुंकत बसला. नवरदेवाकडच्या कुणीतरी बर्फ आणून दिला आणि तोही परत नाचायला गेला.

सरकारी दवाखान्यात ओठाला टाके पडले, राहिलेलं मूळ काढलं. हिरडी भरून यायला तीन महिने लागतील असं सांगितलं. तेवढे दिवस देवचंद भाकरी दुधात कुस्करून खायचा. बोलताना हात तोंडावर जायचा. मुलगी साक्षी नंदुरबारला दिलेली. तिच्याकडे पाचवीच्या कार्यक्रमाला बायको द्रौपदाबाई एकटीच गेली. नातू झाला होता, तरी हा गेला नाही.

नंतर द्रौपदाबाईनेच त्याला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर सुलक्षणा मॅडमनी नीट समजावलं, की काढघालीचे दात बसवता येतील, नाहीतर ब्रिज करू. ब्रिज म्हणजे गेलेल्या दातांच्या दोन्ही बाजूंचे दात घासून बारीक करायचे आणि त्यांच्यावर सगळे एकसंध बसवायचे. चांगले दात कशाला घासायचे, असं द्रौपदाबाईने विचारलं. मॅडम म्हणाल्या, आधाराला तेच आहेत.

देवचंदने एकच विचारलं. "वाजवता येईल का?"

"नाना, तुम्ही जेवाल, बोलाल, हसालही," मॅडम म्हणाल्या. "वाजवण्याचं मी सांगू शकत नाही. दोन दातांचं ओझं शेजारच्यांवर येणार आहे. त्यावर बाजा दाबला तर तेही हलतील."

तो तयार झाला. इंजेक्शन देऊन दात घासले, माप घेतलं. त्या दिवशी घरी येऊन त्याने आरशात पाहिलं. चांगल्या दातांच्या जागी बारीक खुंट्या उरल्या होत्या. त्याने आरसा भिंतीकडे वळवून ठेवला. आठ-दहा दिवसांनी ब्रिज सिमेंटने पक्का बसला. रंग असा जुळला होता की ओळखू येऊ नये.

दुसऱ्या दिवशी पहाटेच तो बाजा घेऊन पांझरा नदीच्या काठी गेला. नुसती हवा निघाली. मग रोज जायला लागला. खालचे सूर थोडे उमटले, वरचे येईनात. ओठाला टाक्याच्या जागी गाठ धरली होती, आणि वाटी कुठे टेकवायची हे तोंडाला उमजेना. दात ठणकायला लागले. द्रौपदाबाई एकदा मागोमाग गेली आणि काठावर त्याच्याशेजारी बसली.

"दुखस का?"

"दुखत नही," तो खोटंच बोलला. मग म्हणाला, "सूर लागतच नही."

मॅडमनी तपासून सांगितलं, की एका बाजूचा दात हलायला लागलाय. आधाराचे हे दोन गेले तर पुन्हा काही बसवायला जागा राहणार नाही. देवचंदने पहाटेचं जाणं बंद केलं.

रुपचंद वाईट माणूस नव्हता. लग्नवाले बँड ठरवताना माणसं मोजतात, रांग भरलेली दिसावी लागते. त्याने देवचंदला गणवेश देऊन दुसऱ्या रांगेत उभं केलं. बाजा नुसता तोंडाशी धर, म्हणाला. पहिल्या रांगेत हितेंद्र नावाचा नवा वाजवणारा आला होता. त्याच्या सुरावर देवचंद बोटं हलवायचा, गाल फुगवायचा. पाहणाऱ्याला काही कळत नसे. एका लग्नात तर एका बाईने मुद्दाम येऊन त्याच्या वाजवण्याचं कौतुक केलं. त्याने मान हलवली.

मग पिंपळनेरचं एक लग्न आलं. बाजारपेठेतून वरात निघाली तेव्हा मगनमामा एका ओट्यावर बसलेले होते. थकले होते, तरी बँड आला की बाहेर येऊन बसत. वरात मांडवाच्या दारात पोचल्यावर देवचंद त्यांच्या पाया पडायला मागे आला. मामांनी हात त्याच्या डोक्यावर ठेवला नाही.

"तुनं पोट हालत नव्हतं," ते म्हणाले.

देवचंदने वरचा ओठ उचलून दाखवला. मामांनी वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"दात तं चांगला शेतस," ते म्हणाले, आणि दुसरीकडे बघायला लागले.

ती लग्नसराई संपल्यावर त्याने गणवेश धुऊन, इस्त्री करून रुपचंदला परत दिला. आता तो साक्री रोडवरच्या एका मंगल कार्यालयात गाड्या लावून देतो. बँड फाटकातून आत यायला लागला की तो मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीकडे जातो आणि आवाज थांबेपर्यंत तिथेच उभा राहतो. हललेला दात आता पुन्हा घट्ट धरलाय. जेवण नीट होतं. बाजा त्याने कपाटात ठेवलाय. विकला नाही, पण कुणाला वाजवायलाही देत नाही. साक्षीचं पोर आजोळी आलं की त्या कपाटाकडे बोट दाखवतं, तेव्हा द्रौपदाबाई त्याला उचलून बाहेर नेते.