पूजेत मांडलेलं जीपचं पुस्तक

कपाट आवरताना जीपच्या दुरुस्तीचं जुनं इंग्रजी पुस्तक हाती लागलं. पानांना अजून रॉकेलचा वास येतो की मलाच भास होतोय, कळेना.

आबा, म्हणजे माझे वडील, कोडोलीहून कोल्हापूरपर्यंत जुन्या जीपमधून वडाप, म्हणजे प्रवाशांची ने-आण, करायचे. नव्वदच्या दशकात एकदा दसऱ्याच्या तोंडावर त्यांनी रॉकेलनं धुवायला कार्बुरेटर खोलला. घरातला पहिला पदवीधर मी, म्हणून पुस्तक वाचून सांगायचं काम माझं. जोडणी बाकी असतानाच खंडेनवमी उजाडली आणि आबांनी पान्यांसोबत पुस्तकही पूजेत मांडलं.

"आबा, उद्या ताईला शाहूवाडीहून आणायचंय. लग्नानंतरचा पहिला दसरा हाय तिचा!"

"म्हणून पूजा मोडू व्हय? आज हत्याराला हात न्हाय."

"लेक तिकडं वाट बघंल," आई कडाडली, "आन् तुमी बापलेक बसा फुलं वाहत!"

दसऱ्याला पहाटेच आबांनी पूजा हलवली आणि हळद लागलेलं पुस्तक मला दिलं. "हं, वाच की."

इंग्रजी येत होतं, पण सुट्या भागांची नावं कळेनात. अर्थ सांगताना मी अडखळलो आणि शेवटी नुसतं इंग्रजीच वाचत राहिलो. आबांनी अर्थ विचारला नाही. मात्र माझं वाक्य संपेपर्यंत त्यांचा पाना हलत नव्हता.

जीप चालू झाली. ताई सणाला घरी आली.

आबांना इंग्रजीचं अक्षरही येत नव्हतं. मग ते प्रत्येक वाक्याला कशासाठी थांबत होते? मला तेव्हा कळलं नाही, आणि आज मुलांचा बाप होऊनही नीट कळत नाही.