साहेबांची हवा

पायलटची नोकरी म्हणजे थोडं उडणं आणि फार वाट बघणं. हेलिपॅडच्या कडेला चहा पीत बसलं की किस्से साठतातच. दुष्काळाच्या वर्षांत बीडमध्ये ढग कमी आणि पुढाऱ्यांचे दौरे जास्त, त्यामुळे आमच्याकडचा साठा मोठा. मी घाटनांदूरचा. माझे सीनियर कॅप्टन देसाई पुण्याचे.

निघण्यापूर्वी देसाई उतरायच्या जागी फोन करून हवेची चौकशी करत. एकदा नेकनूरला एका कार्यकर्त्यानं फोन उचलला. देसाईंनी विचारलं, हवा कशी आहे?

"हवा एकदम साहेबांचीच हाय," तो म्हणाला.

वाऱ्याचं विचारतोय, असं देसाईंनी समजावलं. त्यावर तो म्हणाला, समोरच्या पार्टीचा वाराबी न्हाई. आम्ही पोचलो तेव्हा मांडव उडून बाभळीवर बसला होता.

* * *

उन्हानं हवा तापली की विरळ होते आणि हेलिकॉप्टरला वजन पेलत नाही. म्हणून सकाळीच निघू, असं देसाईंनी पीएला बजावलं होतं. साहेब, म्हणजे दुष्काळ पाहायला निघालेले आमचे नेते, सत्कार उरकून भर दुपारी आले. देसाई म्हणाले, एक माणूस उतरवावा लागेल.

साहेबांनी मागे वळून पाहिलं. पीए होता, साखर कारखान्याचे चेअरमन होते, चेअरमनचे मेहुणे होते आणि तलावांची माहिती द्यायला बोलावलेले इंजिनिअर होते.

इंजिनिअर उतरले. मेहुण्यांना वरून स्वतःचा बंगला बघायचा होता.

* * *

दुपारी काळ्या रानावरून गरम हवेचे लोट उठतात आणि हेलिकॉप्टर खड्ड्यातल्या एसटीसारखं आदळतं. त्यामुळे जेवण हलकं ठेवा, असा देसाईंनी निरोप दिला होता. चेअरमननी दुष्काळ पाहणीसाठी पुरणपोळी केली. साहेबांनी आग्रहाला मान दिला.

बालाघाटाच्या डोंगरावर पहिला हिसका बसला आणि साहेब पिवळे पडले. पीएनं हाताला लागली ती पिशवी पुढं केली. ती लोकांच्या निवेदनांची होती.

खाली उतरल्यावर पीएनं हळूच विचारलं, हिचं आता काय करू?

"लिहा," देसाई म्हणाले, "साहेबांनी सर्व निवेदनांवर तत्काळ कार्यवाही केली."

* * *

माझा मित्र कुलकर्णी कृत्रिम पावसाच्या विमानावर होता. रडारवर ढग शोधायचा, वर चढणारी हवा बघायची, वारा कुठं ढकलतोय ते बघायचं आणि मग ढगाखाली मिठाच्या नळकांड्या पेटवायच्या. त्याच्याकडं हेच चेअरमन नकाशा घेऊन गेले. कारखान्याचा ऊस लाल रेघेत दाखवला होता.

"ढग रेघंच्या आत धरा. पलीकडं दुसऱ्या कारखान्याचा ऊस हाय."

कुलकर्णीनं वाऱ्याचं सांगून पाहिलं, पण ऐकतो कोण? त्यानं ढग रेघेच्या आतच धरला. वारा फिरला आणि पाऊस पलीकडं पडला. पलीकडच्या चेअरमननी शाल-नारळ देऊन त्याचा सत्कार केला. आमच्या चेअरमननी तक्रार ठोकली. चौकशीत कुलकर्णीला पहिला प्रश्न आला, "तुम्ही ऊस कुठल्या कारखान्याला घालता?"

* * *

उमापूरकडच्या एका गावात उतरायचं होतं. कोरड्या मातीवर उतरताना पंख्याच्या वाऱ्यानं असा फुफाटा उठतो की पायलटला जमीनच दिसत नाही. म्हणून तहसील कार्यालय जागा आधी टँकरनं भिजवून घेतं. आम्ही वरून पाहिलं, तर टँकर उभा, भोवती घागरी आणि ड्रम, आणि जमीन कोरडी ठणठणीत. देसाईंनी उतरायचा प्रयत्न केला. काही दिसेना. साहेब मागून ओरडत होते. देसाईंनी हेलिकॉप्टर वर घेतलं आणि बीडला परत आणलं.

संध्याकाळी सरपंचबाईंना मी फोन केला. देसाई शेजारीच होते, म्हणून स्पीकर लावला. मी जरा चढ्या आवाजात विचारलं, "ताई, पाणी जमिनीवर कावून टाकलं न्हाई?"

लई दिसांनी टँकर दिसला, बाया त्याला आडव्या आल्या, मीबी त्यांच्यातच व्हते, असं त्यांनी सरळ सांगितलं. मी म्हणालो, साहेब परत येणार आहेत, पुढच्या वेळी तरी जागा भिजवा.

त्या म्हणाल्या,

"येऊ द्या की, दादा. पण उतरू नका. नुसतं येतो, येतो म्हणत ऱ्हावा."

मी देसाईंकडं पाहिलं. त्यांनी स्वतःचा फोन काढून तहसील कार्यालयाला लावला.

"कॅप्टन देसाई बोलतोय. जागा फारच कोरडी आहे. उतरता येईल की नाही ते मी कळवीनच. तोवर रोज एक टँकर पाठवत चला."