उषाताईंची डबा बॅच

फोन सुनीताचा होता. "मॅडम, अक्का गेल्या…" एवढंच बोलली. लातूरच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवणाऱ्या प्रा. उषा बिरादार तिला आणि तिच्यासारख्या कितीतरी विद्यार्थिनींना अक्का होत्या, मला उषाताई. हृदयविकाराचा झटका आला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. नांदेडहून मी निघाले ती थेट त्यांच्या दारात पोचले. पुढं आठवड्यानं कॉलेजात शोकसभा झाली. एका वक्त्यानं सुरुवात केली, "नियतीनं सगळं हिरावून घेतलेली ही अभागी भूकंपग्रस्त भगिनी…" मला पुढचं ऐकवलं नाही. माझी पाळी आली तेव्हा मी एवढंच म्हणाले, की बाईंना अभागी म्हणू नका, त्या ऐकायला असत्या तर तुम्हाला मधेच खाली बसवलं असतं. सभेत थोडी चुळबुळ झाली. बोलायचं राहिलं ते इथं लिहिते आहे.

उषाताई देवणीच्या. बारावी होताच औसा तालुक्यातल्या एका गावात लग्न करून दिलेल्या. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे दगडमातीचं घर अंगावर आलं. नवरा गेला, पाळण्यातली मुलगी गेली. यांना दुपारी लोकांनी ओढून बाहेर काढलं. डावं मनगट मोडलं होतं, ते पुढं कायम वाकडंच राहिलं. भावानं माहेरी आणलं. वर्षभरात घरात दोनच विषय सुरू झाले, एक तर दुसरं लग्न नाही तर भावाच्या संसारात मुकाट राहणं. उषाताईंनी तिसरंच काढलं. लातूरला बी.ए.ला नाव घालते म्हणाल्या. भाऊ चिडला, "उषे, आता शिकून काय करणार हाय तू?" त्या म्हणाल्या, "दादा, मी जिती राहिले हाय. जगायचंच हाय, तर शिकून जगते." आणि कॉलेजच्या पहिल्या दिवशी हिरवी साडी नेसून गेल्या. देवणीत त्या साडीची चर्चा महिनाभर पुरली.

एम.ए.साठी त्या नांदेडला विद्यापीठात आल्या आणि वसतिगृहात माझ्या खोलीत राहायला आल्या. मी हदगावची, राज्यशास्त्राची, वयानं लहान. खोलीत त्या भूकंपाबद्दल फारसं बोलत नसत, मीही विचारत नसे. एकदा बाहेरच्या कुठल्या संस्थेची माणसं प्रश्नावल्या घेऊन विभागात आली. एका सरांनी भर वर्गात बोट दाखवलं, "ही आमची भूकंपग्रस्त विद्यार्थिनी." उषाताई उभ्या राहिल्या. "सर, भूकंप गावाला झाला. माझं नाव उषा हाय. मी समाजशास्त्र शिकायला आले." पुढं पीएच.डी.साठी त्यांनी पुनर्वसित गावांतल्या एकट्या बायकांचा विषय मांडला, तेव्हा हेच सर म्हणाले, "स्वतःच्याच दुःखावर संशोधन कसं करणार? तटस्थता राहायची नाही." मी बाजूलाच होते. उषाताई शांतपणे म्हणाल्या, "सर, तुम्ही जातीवर संशोधन केलं. तुम्हाला जात नव्हती का?" शेवटी सरच हसले. तेच त्यांचे मार्गदर्शक झाले, आणि त्यांच्याइतका कडक मार्गदर्शक आमच्या विभागानं पाहिला नसेल. तोंडी परीक्षेला देवणीहून भाऊ आला. शेवटच्या रांगेत टोपी मांडीवर घेऊन बसला आणि बाहेर आल्यावर मला म्हणाला, "लई बोलली हो आमची उषी!"

लातूरला नोकरी लागली तोवर शहर पार बदललं होतं. गल्लोगल्ली क्लासेस, खांबाखांबावर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो, आणि कला शाखेचे वर्ग ओस. संस्थेच्या अध्यक्षांनी एक दिवस बोलावून सांगितलं, की पुढच्या वर्षी कला शाखा बंद, खोल्या क्लासला देणार. "मॅडम, लातुरात आता समाजशास्त्र शिकणार कोण?"

उत्तर उषाताईंच्या वरच्याच मजल्यावर राहत होतं. सुनीता, माझ्याच हदगावची. मुलीला डॉक्टर करायचं म्हणून तिच्यासोबत भाड्याच्या खोलीत येऊन राहिलेली आई. उषाताईंनी जिन्यात विचारलं, "दिवसभर काय करता?" ती म्हणाली, "काय करणार मॅडम, डबे करून राहिले. सकाळचा एक, सांजचा एक. मधी भिंतीकडं बघून राहिले." बारावी झाली होती, लग्नात शिक्षण सुटलं होतं. अशा आया त्या वस्तीत घरटी सापडत होत्या. उषाताई जिने चढत-उतरत राहिल्या. जूनमध्ये बी.ए.चा वर्ग भरला, तोही दुपारचा, दोन डब्यांच्या मधल्या वेळेत. स्टाफरूममध्ये कुणीतरी हसून 'डबा बॅच' म्हणालं. बायकांनी ते नाव उचललं आणि स्नेहसंमेलनात फलकावर लिहून मिरवलं. शाखा बंद करायचं मग कुणी बोललं नाही.

सगळं सुरळीत झालं असं नाही. सुनीताच्या मुलीला मेडिकल हुकलं आणि नवरा तणतणत कॉलेजात आला. "पोरीला डॉक्टर करायला पाठवलं तर हीच कालेजात बसून राहिली! घरी घेऊन जातो." उषाताई दारातच उभ्या. "घेऊन जा. पण उद्यापासून तिचे पेपर हायत. पेपर झाल्यावर न्या." त्या हलल्या नाहीत. त्याचं मन बदललं वगैरे मी म्हणणार नाही, पण पेपर संपेपर्यंत मुलीला पोळीभाजी त्यानं हॉटेलातून आणून घातली. मुलगी पुढच्या वर्षी मेडिकलला लागली. आई नांदेडला विद्यापीठात, मी शिकवते त्याच्या शेजारच्या विभागात एम.ए. झाली आणि आज त्याच दुपारच्या वर्गावर तासिका तत्त्वावर शिकवते.

गेल्या आठवड्यात तिनं मला एक तास घ्यायला बोलावलं. वर्गात नव्या आया होत्या, मुरुडच्या, देगलूरच्या, कुठकुठच्या. उषाताईंबद्दल चार शब्द बोलावेत म्हणून मी सुरुवात केली, तर समोरच्या क्लासचा माईक सुरू झाला, भौतिकशास्त्राची कसलीशी सूत्रं. मी दार लावायला वळले. मागच्या बाकावरून एका जुन्या विद्यार्थिनीचा आवाज आला, "राहू द्या मॅडम. अक्का कधीच लावू देत न्हवत्या. म्हणायच्या, त्यांचा आवाज इकडं येतोय, तर आपला बी तिकडं जाऊ दे."

मी फळ्यापाशी परत आले आणि आवाज चढवला.