गाळलेला फेब्रुवारी

ऑफिसात तिला सगळे ‘तळटीप’ म्हणायचे, आणि तेही कौतुकाने नव्हे. कंपनी तारखांची आकडेमोड करणारी लायब्ररी बनवायची, म्हणजे इतर प्रोग्रामरांनी आयता उचलून वापरायचा कोड. तो कोड काय करतो आणि कुठे दगा देतो, हे सोप्या भाषेत लिहिणं तिचं काम. करतो ते लिहिलेलं सगळ्यांना आवडायचं. दगा देतो ते लिहिलं की कपाळाला आठ्या.

‘महिना मिळवा’ या फंक्शनवर तर रणच पेटलं होतं. एकतीस जानेवारीत एक महिना मिळवला की ते आधी एकतीस फेब्रुवारी गाठायला जायचं, तसा दिवसच नसल्यामुळे पुढे घरंगळायचं आणि खुशाल तीन मार्च सांगून मोकळं व्हायचं. तिने तशी सूचना लिहिली. साहेबांनी ती काढून टाकली.

“अगं, वाचणारा घाबरतो. माहिती कशी सुटसुटीत हवी!”

सुटसुटीत! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “मग कोड तरी दुरुस्त करा,” ती म्हणाली. जुन्या ग्राहकांचा खोळंबा होईल, म्हणून तेही नाही. ती भांडली, चिडली आणि शेवटी तिने हात टेकले. पानावर उरलं एकच वाक्य: ‘दिलेल्या तारखेत एक महिना मिळवते.’ खाली लेखिका म्हणून तिचं नाव.

तिची आई आयुष्यभर कपडे शिवत आली. नजर अधू व्हायला लागली तरी काजं स्वतःच करायची, दुसऱ्याच्या हातची तिला पसंत पडत नसत. नजर टिकावी म्हणून तिला दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागे. ते देणारे डॉक्टर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच यायचे; पुढची तारीख दवाखान्यातून मोबाइलवर यायची आणि भाऊ घेऊन जायचा. जानेवारीच्या शेवटच्या दिवशी इंजेक्शन झालं आणि पुढची तारीख मार्चमधली आली. आईने काउंटरवर विचारलंसुद्धा, “महिन्याने ना गं?” तिथली मुलगी हसून म्हणाली, “आजी, कॉम्प्युटर चुकतो का कधी?”

मार्चअखेर भावाचा फोन आला. “डॉक्टर म्हणतात, उशीर झाला. डाव्या डोळ्याची गेलेली नजर परत यायची नाही.”

“तारीख कोणती दिली होती?”

“तीन मार्च. तोवर डॉक्टर परत गेले होते, भेटले ते आत्ता. का?”

एकतीस जानेवारी अधिक एक महिना, तीन मार्च: हे उत्तर तिला पाठ होतं. संतापाने तिने दवाखान्याचं तारखांचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या प्रोग्रामरला फोन लावला. तो बिचारा म्हणाला, “मॅडम, मी माहिती वाचूनच वापरलं. त्यात असं काहीच नव्हतं हो. तुमच्या कंपनीचंच पान आहे.”

तिचंच पान होतं. त्या माणसावर ओरडायला तिच्याकडे तोंडच उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने सूचना परत घातली, सगळ्यात वर, ठळक अक्षरात, कुणालाही न विचारता. साहेब तणतणत आले. “हे आत्ताच्या आत्ता काढ.”

“तुम्ही काढा,” ती उभी राहून म्हणाली. सगळं ऑफिस मान वर करून बघत होतं. “पण आधी माझ्या आईसमोर बसा आणि ही सूचना का नको होती ते तिला सांगा. डाव्या डोळ्याने तुम्ही तिला दिसणार नाही. उजव्या बाजूला बसा.”

साहेब केबिनमध्ये गेले. सूचना राहिली.

संध्याकाळी तिने आईला सगळं सांगितलं, आपलं नाव त्या पानावर होतं हेही. आईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, “काय लिहिलंस ते वाचून दाखव.”

“एकतीस जानेवारीत एक महिना मिळवल्यास तीन मार्च येते, लीप वर्षात दोन मार्च. फेब्रुवारी गाळला जातो.”

आई पुढचं ऐकायला थांबली. पुढे काही नव्हतं.

“एवढंच?” ती म्हणाली. “एवढ्याला जागा नव्हती त्यांच्याकडे?”