मध्यंतराला खुनी सांगायचा

रविवारी जेवणं उरकली की आमच्या घरात इंग्लंडमधला एखादा खून होतो. खून नसला तर भूत येतं. लग्न झाल्यापासूनचं हे आहे. तेव्हा आम्ही भाईंदर पश्चिमेला एका खोलीत राहायचो, आता पूनम सागर कॉम्प्लेक्समध्ये दोन बेडरूमच्या घरात राहतो, पण रविवार तोच आहे. आम्ही म्हणजे मी आणि हे. हे म्हणजे माझा नवरा. त्यांचं नाव घ्यायची सवय मला कधी लागली नाही आणि या वयात लावूनही घ्यायची नाही. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, त्यामुळे खुनाला प्रेक्षक दोघंच.

भाईंदरच्या बाजारात तेव्हा व्हिडिओ कॅसेटची एक लायब्ररी होती. ह्यांनी तिथे पहिल्यांदा इंग्लिश भुताची कॅसेट मागितली तेव्हा मालक म्हणाला, "मत ले जाओ भाई, इसमें भूत दिखता ही नहीं. सब लोग वापस कर जाते हैं." हे म्हणाले, "फिर तो यही दे दो." घरी आणून लावली. खरंच भूत दिसलं नाही. एक बाई मेणबत्ती घेऊन लांबलचक बोळातून चाललीय आणि टोकाच्या दाराची मूठ आपली आपणच फिरते, एवढंच. त्यानंतर आठवडाभर मी मोरीत जाताना दार उघडं ठेवत होते. बोलणं तर निम्म्याहून जास्त कळलंच नव्हतं. खाली अक्षरं यायला लागली ती खूप नंतर, आणि ती आल्यावर भीती थोडी कमीच झाली. पडद्यावर काळोख आणि खाली लिहिलेलं, की लांब कुठेतरी लाकूड करकरतंय. अरे, करकरू दे की मग. सांगता कशाला?

मी रत्नागिरीकडची, त्यामुळे भुतं मला नवी नव्हती. आमच्याकडच्या भुताला गाव असतं, झाड असतं, आणि मुख्य म्हणजे मागणं असतं. नारळ द्या, कोंबडा द्या, विषय मिटला. इंग्लंडचं भूत काही मागत नाही. ते नुसतं खिडकीच्या आत उभं राहतं आणि बागेत काम करणाऱ्या माणसाकडे बघतं. ज्याला काही नकोच आहे त्याला घालवायचं कसं? माझी आई एकदा आमच्याबरोबर बसून असला सिनेमा बघत होती. ती शेवटी म्हणाली, "ह्यांच्याकडे कुणी विचारणारं नाही का गं, बाबा तुला काय हवंय म्हणून?" मला वाटतं या सिनेमांबद्दल इतकं शहाणपणाचं दुसरं कुणी बोललं नसेल.

खुनांची गोष्ट वेगळी. तिथे मला आवडते ती माणसांची रीत. खुनी आधी दार वाजवतो, पाय पुसतो, मग आत येतो. मुडदा दिवाणखान्यात पडलेला असतो आणि इन्स्पेक्टर घरच्या बाईंना विचारतो, तुमचे गुलाब यंदा कसे आहेत. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून जेवढा आरडाओरडा होतो तेवढा तिथे चार माणसं मेल्यावरही होत नाही. जुन्या सिनेमांत टोप्या आणि आगगाड्या होत्या, नव्यांत मोबाईल आणि कॅमेरे आहेत, रक्तही सढळ हाताने सांडतात, पण घाई अजून कुणाला नाही. नव्या भुताच्या सिनेमांत अख्खं गावच गोड वागतं. परक्या माणसाला बसवतात, खाऊपिऊ घालतात, तिथेच आपण ओळखायचं की ह्याचं काही खरं नाही. असा एक करड्या समुद्राकाठचा सिनेमा बघून आम्ही उत्तनच्या पुढे चौक गावाला गेलो होतो, आपल्याकडचा किनारा तसा वाटतो का बघायला. नाही वाटला. सगळीकडे बोंबील वाळत घातलेले आणि एक बाई आम्हाला "काय व्हवा तुमाला?" म्हणून दटावून विचारतेय. भुताला उभं राहायला जागा कुठे?

इंग्लिश सिनेमाला मध्यंतर नसतं. तिकडच्या लोकांना बहुतेक मध्येच उठावं लागत नाही. आम्हाला लागतं, म्हणून आम्ही आमचं मध्यंतर केलं. साधारण निम्मा सिनेमा झाला की थांबवायचा, चहा करायचा, आणि चहा पिता पिता दोघांनी खुनी कोण ते सांगायचं. भुताचा सिनेमा असेल तर शेवटी कोण वाचणार ते सांगायचं. एकदा सांगितलं की बदलायचं नाही. ज्याचं चुकेल त्याने कप धुवायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण जास्त कप मीच धुतलेत. हे विमा कंपनीसाठी आगीच्या क्लेमची तपासणी करायचे. जळालेल्या गोदामात उभं राहून कोण आधी रडतंय ते बघण्यात त्यांची नोकरीची वर्षं गेली. मी शाळेत भूगोल शिकवला. मला जो माणूस आवडत नाही तो खुनी, एवढीच माझी पद्धत.

गेल्या वर्षी ह्यांची बायपास झाली. ऑपरेशन नीट झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी नेहमीच्या गोष्टी सांगितल्या, जड उचलू नका, रोज चाला, डोक्याला ताप करून घेऊ नका. मी विचारलं, भुताखुनांचे सिनेमे चालतील का? डॉक्टर आमच्या मुलीपेक्षाही लहान. ते हसले आणि म्हणाले, "काकू, सध्या हसवणारं काहीतरी बघा." त्यांच्या दृष्टीने तो विनोद झाला असणार. मी मात्र ते औषधाच्या चिठ्ठीवर लिहिल्यासारखं धरून बसले. एखादी किंचाळी, एखादं धाडकन उघडलेलं दार, आणि ह्यांची छाती, जी नुकतीच उघडून शिवली होती. मला दुसरं काही सुचतच नव्हतं. मला ह्यांना गमावायचं नव्हतं, साधी गोष्ट आहे.

थोडे दिवस हसवणारं बघितलं. ह्यांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. मग एका रविवारी ते म्हणाले, "अगं, एवढं जिवंत राहून हेच बघायचं असेल तर कापाकापी कशाला केली?" मी म्हटलं बरं, पण सिनेमा मी निवडणार.

निवडणं म्हणजे काय, तर मी तो आधी बघायला लागले. सकाळी हे कॉम्प्लेक्सच्या बागेत फिरायला जायचे, तिथे मित्रमंडळी भेटायची, पेपर व्हायचा. तेवढ्या वेळात मी कुकर लावून रविवारचा सिनेमा चाखून ठेवायची. चार सकाळी मिळून एक सिनेमा व्हायचा. सकाळच्या उन्हात, शिट्ट्या मोजत, भाजी निवडत बघितलेल्या भुताची भीती वाटत नाही, हे मी अनुभवाने सांगते. जिथे धक्का आहे ती जागा लक्षात ठेवायची, फारच भयंकर असेल तर सिनेमाच बाद करायचा. रविवारी मग धक्क्याच्या जरा आधी मी काहीतरी काढायची. पाणी हवं का, पंखा वाढवू का, चहा टाकू का. रिमोट माझ्याच हातात असायचा, आवाज हळूच कमी करायचा. मध्यंतराला खुनी सांगताना मात्र मी न चुकता चुकीचा सांगायची, म्हणजे संशय नको. कप धुवायची. आपण किती हुशार, असं मला वाटत होतं.

पण आगीच्या क्लेमवाल्यापुढे असली हुशारी किती दिवस टिकणार? एका रविवारी सिनेमा संपला, मी कप उचलले, तर हे म्हणाले, "बस जरा."

मी बसले.

"तू आज तीनदा चहाला विचारलंस."

"मग? विचारू नको का?"

"तीनदा मुडदा पडला. प्रत्येक वेळी चहाच्या पाठोपाठ."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. मी लगेच म्हटलं, "योगायोग असेल." कुणी काही आरोप केलाच नव्हता.

"मागच्या रविवारी पंखा. त्याच्या मागच्या रविवारी माझी शाल," हे म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, चौकशीला बसल्यावर असायचा तसाच होता. "शिवाय पूर्वी तू पडद्याकडे बघून घाबरायचीस. आता तू माझ्याकडे बघून घाबरतेस. सिनेमाभर माझ्या छातीवर नजर असते तुझी. मला अशी सोबत नको. त्यापेक्षा एकटा बघेन."

मला राग आला. एवढं करून हेच ऐकायचं होतं. मी म्हटलं, "मला भीती वाटते तुम्हाला काही होईल म्हणून. त्यात काय चुकलं माझं?" ते म्हणाले, "काही चुकलं नाही. पण पुढचा सिनेमा दोघांनीही न बघितलेला. आणि तू माझ्यापुढे बसायचं, खुर्ची टाकून. मागे वळायचं नाही, मध्यंतरापर्यंत." मी नाही म्हटलं असतं. पण मग ते खरंच एकटे बघत बसले असते, आणि मी स्वयंपाकघरात कान लावून उभी. त्यापेक्षा खुर्ची बरी.

पुढच्या रविवारी जेवल्यावर मी सोफ्यापुढे खुर्ची टाकून बसले. सिनेमा नवा होता. इंग्लंडच्या कुठल्याशा खेड्यात एक नवराबायको राहायला येतात आणि तळघरात उतरायला पायऱ्या असाव्यात त्यापेक्षा एक जास्त असते. चांगला असावा. मला धड काही दिसलं नाही. माझा सगळा जीव पाठीमागे होता. हे खाकरले तर बरं वाटायचं, आणि मग कितीतरी वेळ काहीच आवाज यायचा नाही. पडद्यावरची बाई काळोखात एकेक पायरी उतरत होती आणि मी मनात म्हणत होते, अहो, जरा हला तरी. खाली काहीतरी जोरात आपटलं. मी खुर्चीत उडाले. मागून काहीच आलं नाही, साधा श्वास ओढल्याचाही आवाज नाही. वळायचं नाही असं ठरलं होतं, पण खरं सांगायचं तर मला वळायचा धीरच झाला नाही.

निम्मा झाल्यावर मी रिमोट दाबला. घर गप्प झालं. मी पडद्याकडेच बघत म्हटलं, "नवरा वाचणार." परत जरा मोठ्याने म्हटलं, "अहो, नवरा वाचणार म्हणतेय मी. तुमचं काय?"

मग मी वळले.

हे सोफ्यावर ताठ बसले होते. एका हाताची बोटं दुसऱ्या मनगटावर, नजर भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर. कपाळाला घाम. ओठ हलत होते. माझ्याकडे लक्ष गेलं तसे ते थांबले, पण बोटं काढली नाहीत.

"कधीपासून?" मी विचारलं.

"सिनेमा सुरू झाल्यापासून," ते म्हणाले. "आजच नाही, घरी आणलंस त्या दिवसापासून करतोय. तुझ्यासमोर करता येत नाही. तू बघितलंस की मला कळतं मला काय झालंय ते." मग म्हणाले, "मला फार भीती वाटते गं."

या माणसाच्या तोंडून हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. मी खुर्चीवरून उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसले, त्यांची बोटं बाजूला केली आणि मनगट माझ्या हातात घेतलं. मोजलं नाही, नुसतं धरून ठेवलं. काही वेळाने त्यांनीच दुसऱ्या हाताने रिमोट उचलला आणि सिनेमा पुढे सुरू केला.