आमच्या वॉर्डातली मॉडेलं

दवाखान्यात नोकरी करणाऱ्याला किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपसूक साठतात. अडचण एवढीच की त्यातले निम्मे जेवताना सांगता येत नाहीत. आज सांगतोय ते कधीही चालतील.

मी मेल नर्स. शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या एका छोट्या रुग्णालयात. सगळे मला ब्रदर म्हणतात. म्हाताऱ्या बायका मात्र सरळ 'सिस्टर' अशी हाक मारतात आणि मी ओ देतो.

काही वर्षं नोकरी झाल्यावर मी पुढचं नर्सिंग शिकायला गेलो, ते आमच्या इन्चार्ज घरत सिस्टरांमुळे. माझी रजा त्यांनीच डॉक्टरसाहेबांकडे रेटली. परत आलो तेव्हा डोक्यात नर्सिंगच्या थिअरी गच्च भरलेल्या. पेशंटसाठी काय करायचं, आणि काय मुद्दाम करायचं नाही, याची निरनिराळी मॉडेलं. मी उत्साहाने सांगायला लागलो, तर सिस्टर म्हणाल्या, "माझ्या मोबाइलचं मॉडेल जुनं झालंय, तेवढं बदलून मिळेल का?"

पण दुसऱ्या दिवशी चहा घेताना त्यांनीच विचारलं, "बोल, कुठलं आधी चालवून बघायचं?"

अशा इन्चार्ज सगळ्यांना मिळत नाहीत.

*

पहिली संधी बाळंतिणींच्या वॉर्डात आली. डोंगरावरच्या एका वाडीतली मुलगी, पहिलटकरीण. सोबत तिची आजी. चादर बदलताना उशीखाली विळा सापडला. चांगला धार लावलेला.

"बाहेरचा काय लागू नये म्हनून ठेवलाय," आजी म्हणाली. "तो नाय काढायचा."

तिच्या ओच्यात चुलीतली राखही होती. बाळाच्या नाळेला लावायला.

आमच्या एका मॉडेलमध्ये म्हटलंय, माणसाच्या रीतीभातींचे तीन भाग करा. चांगलं ते राखा, चालण्यासारखं ते जुळवून घ्या, घातक ते बदला. राख घातक, तिथे प्रश्नच नव्हता. बाळाला धनुर्वात झाला तर काय करणार? विळा मात्र जुळवून घेण्यासारखा होता. मी पात्याला बँडेज गुंडाळलं, वरून चिकटपट्टी लावली आणि तो गादीखाली ठेवला.

आजीने बँडेज चाचपून पाहिलं. मग राखेची पुडी माझ्या हातात दिली. "तू माजा ऐकला, आता मी तुजा ऐकते."

राउंडला साहेबांनी गादीखालून डोकावणारी मूठ पाहिली. "हे काय?"

मी तोंड उघडायच्या आत घरत सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "सर, ह्याला पण ड्रेसिंग केलंय. पेशंट स्टेबल आहे."

*

दुसरं मॉडेल सेल्फ केअरचं. पेशंटला जे स्वतः करता येईल ते त्यालाच करू द्यायचं. ऐकायला सोपं, पण आपल्याकडे भयंकर कठीण.

भातसानगरला धरणावर नोकरी करून रिटायर झालेले एक काका होते. अर्धांगाच्या झटक्याने उजवा हात गेला, बोलणं अडखळायचं. डावा हात ठणठणीत. पण काकू त्यांना भरवायच्या, तोंड पुसायच्या, बटणंही लावायच्या. काका नुसते भिंतीकडे बघत बसायचे.

मी काकूंना म्हटलं, "उद्यापासून तुम्ही हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी काकांनी डाव्या हाताने चमचा धरला. आमटी शर्टावर. काकू रडायला लागल्या. शेजारच्या खाटेवरच्याने मला ऐकवलं, "काय दगडाचा काळीज हाय रे तुजा." काकूंचा हात तर आपोआप चमच्याकडे जायचा. मलाही वाटलं, जाऊ दे, भरवू द्यावं.

तेव्हा घरत सिस्टरांनी कापसाचा मोठा गठ्ठा आणून काकूंच्या मांडीवर ठेवला. "काकू, मला एवढे बोळे वळून द्या. जेवणाच्या टायमालाच पाहिजेत."

ही युक्ती कुठल्याच मॉडेलमध्ये नव्हती. काका सांडत राहिले, काकू मान खाली घालून बोळे वळत राहिल्या. एका दुपारी काकांनी अख्खी वाटी संपवली, चमचा खाली ठेवला आणि अडखळत म्हणाले, "आमटीत... मीठ नाय."

काकू थक्क. "घरूनच आनते रोज. मंग इतके दिस बोलला का नाय?"

"भरवनाऱ्याला... नावा ठेवू नये."

*

शेवटचा किस्सा मी सहसा सांगत नाही, पण आज सांगतो.

भातकापणीचे दिवस होते. शेतात नाग चावलेल्या एका बाईला जीपमधून आणलं. इंजेक्शनं सुरू झाली, तोवर तिच्या पापण्या मिटल्या, अंग लुळं पडलं, मग श्वासही थांबायला लागला. साहेबांनी घशात नळी घातली आणि तिला कल्याणला हलवायचं ठरलं. अँब्युलन्समध्ये साहेब सलाइन आणि नाडी बघत होते. हवेची बॅग माझ्या हातात. मी दाबली की तिची छाती वर यायची, सोडली की खाली.

मला एक मॉडेल आठवलं. नर्स आणि पेशंट आधी अनोळखी असतात, तेव्हा पहिल्यांदा स्वतःची ओळख करून द्या. म्हणून मी बोलायला लागलो. माझं नाव सांगितलं. मी आटगावचा, हे सांगितलं. ते संपल्यावर काय बोलणार? घरचं सांगितलं. नुकतीच मुलगी झालीय, आईला देवीचं नाव हवंय, बायकोला नवीन फॅशनचं, दोघी माझ्याशी बोलत नाहीत, आता तुम्हीच सांगा काय करू.

ड्रायव्हर म्हणाला, "ब्रदर, कोनाशी बोलताय? ती कुठं शुद्धीत हाय."

मी बोलत राहिलो. खरं सांगायचं तर त्या बोलण्याच्या तालावरच मी बॅग दाबत होतो. कल्याणला तिला मशीनवर घेतलं आणि आम्ही परत फिरलो.

पुढे बरेच दिवस काही कळलं नाही. मग एका बाजाराच्या दिवशी एक बाई वॉर्डाच्या दाराशी येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात नव्या तांदळाची पिशवी. कोणाकडे बघेना, कोणाला काही विचारेना. घरत सिस्टर बोलल्या, तिने 'नाय' म्हणून मान हलवली. वॉर्डबॉय बोलला, तिने परत मान हलवली.

मी पुढे झालो. "काय पाहिजे मावशी?"

माझा आवाज ऐकून तिने पिशवी खाली ठेवली.

"पोरीचा नाव काय ठेवला रे?"